मोटारीचे अंतर आणि चालकाचे अवधान

चेन्नई शहरातील त्यागराय नगर, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले टी. नगर, ही वस्ती १९२० ते १९३० या दशकात एका विस्तीर्ण जुन्या तलावाचा भाग बुजवून वसविण्यात आली. जस्टिस पक्षाचे पुढारी सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांचे नाव तिला देण्यात आले. पानगल पार्क मध्यभागी धरून ज्यांनी तेथील रस्ते आखले, त्यांच्या डोळ्यांपुढे राहत्या घरांची शांत वसाहत होती. आज तेथे कापडाच्या दुकानांची आणि सोन्याच्या पेढ्यांची अशी दाटी झाली आहे की, दिवाळी अथवा पोंगल जवळ आला म्हणजे उस्मान रोडवर मोटारीचा वेग आणि पायी चालणाऱ्याचा वेग यांत फारसा फरक उरत नाही. मांबलम स्थानकात उतरलेल्या माणसांचा लोंढा रंगनाथन स्ट्रीटमधून बाहेर पडतो, रिक्षा मिळेल त्या फटीतून पुढे सरकतात, दुचाक्या दोन्ही अंगांनी निघून जातात, आणि बस या सर्वांमधून आपली वाट काढीत असते.

याच रस्त्यावर गेल्या काही वर्षांत अशा मोटारी दिसू लागल्या आहेत की, त्या पुढील वाहनापासूनचे अंतर स्वतः मोजतात, गरज पडल्यास वेग कमी करतात आणि वाट मोकळी झाली म्हणजे तो पुन्हा वाढवितात. या योजनेला ‘अडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल’ असे म्हणतात. मराठीत तिला ‘अनुकूली वेगनियंत्रण’ असे म्हणता येईल. भारतात ही सोय प्रथम फार महागड्या परदेशी गाड्यांपुरती होती. २०२१ मध्ये महिंद्र कंपनीची एक्सयूव्ही ७०० आणि एमजी कंपनीची ॲस्टर या गाड्या बाजारात आल्या, आणि ही सोय मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आटोक्यात आली. यांपैकी पहिल्या गाडीचा विकास चेन्नईच्या दक्षिणेस, चेंगलपट्टूजवळच्या संशोधनकेंद्रात झालेला आहे. म्हणजे ज्या साधनाविषयी येथे विचार करावयाचा आहे, त्याची एक जन्मभूमी टी. नगरपासून मोटारीने दीड-दोन तासांच्या वाटेवरच आहे.

या साधनाविषयी चालकांची मते दोन टोकांची आढळतात. महामार्गावर ते वापरणारे म्हणतात की, पायाचा शीण गेला आणि प्रवास सुखाचा झाला. शहरात ते वापरून पाहणारे म्हणतात की, आपल्याकडील रस्त्यांसाठी ही वस्तू निरुपयोगी आहे. पहिल्या मतात गाडीवर वाजवीपेक्षा अधिक विश्वास आहे, तर दुसऱ्यात तिच्या गुणांकडे डोळेझाक आहे. साधन काय पाहू शकते आणि काय पाहू शकत नाही हे नीट जाणून घेतल्यास या दोहोंमधील खरी वाट सापडते. हे जाणून घेणे केवळ गाडीमालकांच्या सोयीसाठी आवश्यक आहे असे नव्हे. रस्त्यावरून पायी जाणाऱ्यांच्या जिवाशी त्याचा संबंध आहे.

एका अंध अभियंत्याची कल्पना

यंत्राने स्वतःचा वेग स्वतः राखावा ही कल्पना जुनी आहे. जेम्स वॅट याने १७८८ मध्ये वाफेच्या एंजिनाला गरगर फिरणाऱ्या दोन गोळ्यांचा नियामक बसविला. एंजिनाचा वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप आपोआप मिटू लागे. मोटारीसाठी अशी योजना व्यवहार्य करून दाखविण्याचे श्रेय राल्फ टीटर या अमेरिकन अभियंत्याला दिले जाते. त्याची दृष्टी वयाच्या पाचव्या वर्षी एका अपघातात गेली होती. बोलण्याच्या भरात आपला मित्र गाडीचा वेग सारखा कमीजास्त करतो, हे त्याला शेजारी बसून जाणवत असे, आणि त्यातूनच ही कल्पना सुचली असे सांगतात. त्याला १९५० मध्ये पेटंट मिळाले, आणि १९५८ मध्ये क्रायस्लर कंपनीने हे साधन आपल्या गाड्यांतून विक्रीस आणले.

टीटरचे साधन केवळ स्वतःच्या गाडीचा वेग जाणत होते. पुढे कोण आहे हे त्याला ठाऊक नव्हते. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न जपानमध्ये झाला. १९९५ मध्ये मित्सुबिशी कंपनीच्या डायमांटे या गाडीत लेसर किरणांच्या साहाय्याने पुढील वाहनाचे अंतर मोजून वेग कमी करण्याची सोय करण्यात आली. तथापि ती गाडी स्वतः ब्रेक लावीत नसे, तर एंजिनाला मिळणारा जोर कमी करून आणि गिअर उतरवूनच ती मंद होई. १९९९ मध्ये मर्सिडीझ कंपनीने रडारचा उपयोग करून ब्रेकसह ही योजना आपल्या मोठ्या गाडीत बसविली. आजची साधने याच वंशातील आहेत. त्यांच्या जोडीला आता काचेमागे बसविलेला कॅमेराही असतो.

रडार काय पाहते

गाडीच्या पुढच्या भागात बसविलेले रडार सुमारे चार मिलिमीटर तरंगलांबीच्या रेडिओलहरी पुढे सोडीत असते. त्या पुढील वाहनावर आदळून परत येतात. वाहन पन्नास मीटरवर असेल, तर लहरीला जाऊन येण्यास सेकंदाच्या तीस लक्षांश भागाएवढा वेळ लागतो. इतका सूक्ष्म काळ थेट मोजणे अवघड, म्हणून लहरींची कंपनसंख्या सतत चढती ठेवतात. परत आलेली लहर आणि त्या क्षणी बाहेर पडणारी लहर यांच्या कंपनसंख्येत जो फरक पडतो, त्यावरून अंतर निघते. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी चढ्या स्वरात आणि दूर जाणाऱ्या गाडीची उतरत्या स्वरात ऐकू येते, हा डॉप्लर परिणाम शाळेतील विद्यार्थ्यांना परिचित आहे. त्याच परिणामावरून पुढील वाहन किती वेगाने जवळ येत आहे अथवा दूर जात आहे, हे रडारला कळते. धुके अथवा अंधार यांमुळे त्याचे फारसे अडत नाही, हा त्याचा मोठा गुण होय.

परंतु या गुणातच एक मर्यादा दडलेली आहे. रस्त्याकडेचे फलक, पुलांचे कठडे, लोखंडी झाकणे ही सर्व रडारला प्रतिध्वनी देतात. प्रत्येक स्थिर वस्तूसाठी गाडीने ब्रेक लावावयाचे ठरविले, तर प्रवासच अशक्य होईल. म्हणून आरंभीच्या अनेक साधनांत स्थिर वस्तूंकडून येणारे प्रतिध्वनी बाजूला टाकण्याची योजना होती. कॅमेऱ्याच्या जोडीमुळे परिस्थिती सुधारली आहे. तरीही वाटेत आधीपासूनच थांबलेल्या वाहनाला, पादचाऱ्याला अथवा जनावराला हे साधन ओळखीलच असे नाही, असा इशारा गाड्यांबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकांत आजही दिलेला असतो. पट्ट्याच्या कडेने जाणारी दुचाकी रुंदीने लहान असल्यामुळे तिचा प्रतिध्वनीही क्षीण असतो. शिवाय वेगनियंत्रणाकडून लावला जाणारा ब्रेक सामान्यतः सौम्य असतो, आणीबाणीतील पूर्ण ब्रेकच्या मानाने त्याचा जोर निम्म्याच्या आसपास असतो. त्याच गाडीत असणारी आणीबाणीची ब्रेकयोजना ही निराळी गोष्ट आहे, आणि या दोहोंची गल्लत करणे धोक्याचे आहे.

टी. नगरपासून महामार्गापर्यंत

आता एखादा चालक टी. नगरहून चेंगलपट्टूकडे निघाला आहे असे समजू. अशा प्रवासात चालकांना जे अनुभव येतात, त्यांमागील कारणे पुढील गणितावरून स्पष्ट होतील.

पुढील वाहनापासूनचे अंतर हे साधन मीटरांत न धरता काळात धरते. समजा, चालकाने दोन सेकंदांचे अंतर निवडले आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते, म्हणून तेथे दोन सेकंदांचे अंतर ५६ मीटर होते. उस्मान रोडवर ताशी १८ किलोमीटर वेग मिळाला, तर गाडी सेकंदाला ५ मीटर जाते आणि तेच अंतर १० मीटरांवर येते. रिक्षाची लांबी तीन मीटरांहून कमी, मोटारसायकलची सुमारे दोन मीटर. म्हणजे साधनाने जी जागा सुरक्षिततेसाठी मोकळी ठेवली, तिच्यात एक रिक्षा आणि दोन दुचाक्या सहज मावतात. टी. नगरात मोकळी जागा म्हणजे पुढे येण्याचे निमंत्रणच होय, आणि ते नाकारणारा चालक तेथे क्वचितच भेटेल. रिक्षा फटीत शिरली की साधन ब्रेक लावते आणि तिच्यामागे पुन्हा दहा मीटर जागा मोकळी करू पाहते. त्या जागेत दुसरी दुचाकी येते. मागील गाड्यांचे भोंगे वाजू लागतात. थोड्याच वेळात चालक वैतागून बटण दाबतो आणि साधन बंद करतो. त्याचा हा वैताग अनाठायी नाही. साधनाने आपले काम चोख केले, परंतु ज्या रस्त्यासाठी ते काम ठरविले होते, तो रस्ता हा नव्हे.

वैतागापेक्षा गंभीर गोष्ट निराळीच आहे. पुढील रिक्षा एकाएकी कडेला वळून रस्त्यातून बाजूला झाली, तर वाट मोकळी झाली असे समजून साधन वेग वाढवू लागते. ज्या वस्तूमुळे रिक्षा वळली, ती थांबलेली हातगाडी असेल किंवा मुलाचा हात धरून रस्ता ओलांडणारी बाई असेल. अशा वेळी टी. नगरातील पादचारी हात पुढे करून तळवा वर धरतो, आणि अनुभवी चालक तो पाहताच थबकतो. हा संकेत कोणत्याही नियमपुस्तकात नाही. परंतु तेथील वाहतूक बऱ्याच अंशी अशाच संकेतांवर चालते. रिक्षावाल्याने बाहेर काढलेला हात, दुचाकीच्या पुढच्या चाकाचा किंचित कल, भोंग्याचा एकच आखूड आवाज यांतून माणसे एकमेकांचा हेतू जाणतात. वेगनियंत्रणाला अंतर आणि वेग या दोनच गोष्टी कळतात. हेतू त्याच्या मोजमापात येत नाही.

सैदापेठ, गिंडी आणि कत्तिपारा येथील पूल मागे टाकून, तांबरम ओलांडून गाडी मोकळ्या रस्त्याला लागली म्हणजे चित्र पालटते. येथे वाहनांचा वेग बराचसा सारखा असतो आणि पट्टेही आखलेले असतात. साधन अंतर राखते, चालकाच्या पायाला विसावा मिळतो, आणि पुढील गाडीच्या मागे चिकटून जाण्याची घातक सवय आपोआप सुटते. या गुणाची किंमत कमी लेखता येणार नाही. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर झालेल्या एकूण अपघातांपैकी सुमारे एक पंचमांश अपघात मागून धडक बसून झाले होते. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर किंवा जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरांच्या समृद्धी महामार्गावर हे साधन समंजसपणे वापरणारा चालक स्वतःचे आणि इतरांचे भलेच करीत असतो.

परंतु याच मोकळ्या रस्त्यावर परनूरच्या टोलनाक्यापाशी थांबलेल्या गाड्यांची रांग लागलेली असते, आणि वळणावर पुढील गाडी रडारच्या कक्षेबाहेर गेली तर साधन वेग वाढवू लागते. परतीच्या प्रवासात आणखी एक धोका संभवतो. महामार्गावर ठरविलेला ताशी ८० किलोमीटरांचा वेग साधनाच्या स्मरणात असतो. शहरात शिरल्यावर ते पुन्हा चालू करताना चालकाने तो आकडा बदलला नाही, तर पुढे थोडी मोकळी जागा मिळताच गाडी त्या ८० च्या दिशेने उसळी घेते.

खरा प्रश्न अवधानाचा

या सर्व त्रुटी तांत्रिक आहेत, त्या उद्या दूर होतील, असे उत्साही लोक म्हणतात. त्यात काही तथ्य आहे. परंतु एक अडचण यंत्राच्या सुधारणेने कमी होत नाही, उलट वाढते. लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ महिलेने १९८३ मध्ये, कारखाने आणि विमाने यांतील स्वयंचलनाचा विचार करताना ती दाखवून दिली. यंत्र कामाचा सोपा भाग स्वतःकडे घेते आणि कठीण भाग माणसाकडे ठेवते. मात्र सोप्या भागातून मिळणारा सराव माणसाला आता मिळत नाही, आणि तासन्‌तास नुसते लक्ष ठेवण्याचे काम माणसाला नीट साधत नाही. परिणामी यंत्र जितके अधिक विश्वासू, तितका त्याच्यावर नजर ठेवणारा माणूस अधिक गाफील. नव्याण्णव वेळा गाडीने स्वतः ब्रेक लावलेला पाहिल्यावर शंभराव्या वेळी चालकाचा पाय ब्रेकवर तयार असेल, याची शाश्वती कोणी द्यावी?

हे नुकसान कोणाच्या वाट्याला येते हेही पाहिले पाहिजे. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होती आणि १९.५ टक्के पादचारी होते. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश मृत्यू अशा लोकांचे आहेत, जे रडारला सर्वांत क्षीण दिसतात. ज्याच्या गाडीत साधन आहे, तो पट्टा बांधून आणि हवेच्या पिशव्यांच्या आश्रयाने आत बसलेला असतो. साधनाच्या चुकीची किंमत देणारा मात्र बाहेर असतो, आणि ते विकत घेण्याच्या निर्णयात त्याला कोणी विचारलेले नसते. म्हणूनच ही बाब गाडीमालकाच्या खासगी आवडीनिवडीपुरती राहत नाही.

काय करणे योग्य होईल

यावरून हे साधन त्याज्य ठरत नाही, त्याच्या वापराला शिस्त हवी एवढेच ठरते. पहिली गोष्ट शिक्षणाची. वाहन चालविण्याच्या परवान्यासाठी घेतली जाणारी परीक्षा आजही मुख्यतः हात, पाय आणि नियम यांची आहे. ज्या गाडीत यंत्र आणि माणूस मिळून काम करतात, तिच्या चालकाला यंत्राच्या मर्यादाही ठाऊक आहेत की नाहीत, हे तपासले गेले पाहिजे. स्थिर वाहन, दुचाकी, वळण आणि ठरविलेला वेग या चार बाबींवर चार प्रश्न विचारणे काही अवघड नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. शेकडो पानांच्या इंग्रजी पुस्तिकेच्या मध्यभागी बारीक अक्षरांत छापलेला इशारा पगारी चालकाच्या, किंवा वडिलांची गाडी चालविणाऱ्या तरुणाच्या, दृष्टीस पडेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. गाडी ताब्यात देताना या साधनाच्या मर्यादा चेन्नईत तमिळमध्ये आणि पुण्यात मराठीत, एका पानावर, मोठ्या अक्षरांत लिहून देणे हे विक्रेत्याचे कर्तव्य मानले जावे. ‘गाडी स्वतः चालते’ असा भास निर्माण करणाऱ्या जाहिरातींना तर मुळीच वाव असू नये.

तिसरी गोष्ट रस्त्याची, आणि तिचा धडा टी. नगरनेच घालून दिला आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये तेथील पाँडी बाजारात पदपथ रुंद करून पादचाऱ्यांसाठी ऐसपैस जागा खुली करण्यात आली. मे २०२३ मध्ये मांबलम स्थानक आणि टी. नगरचे बसस्थानक यांना जोडणारा, अर्ध्या किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा उन्नत पादचारी मार्ग सुरू झाला. या कामांत रडार नाही की संगणक नाही. परंतु मोटार आणि माणूस यांमध्ये सुरक्षित अंतर राखण्याचे काम ती रात्रंदिवस करीत असतात, आणि त्यांचा लाभ घेण्यासाठी कोणाला गाडी विकत घ्यावी लागत नाही. गर्दीच्या बाजारपेठेत सुरक्षितता आणावयाची असेल, तर सरकारी पैशाचा पहिला वाटा अशा कामांना मिळाला पाहिजे.

राहिली चालकाची स्वतःची शिस्त, आणि ती थोडक्यात सांगता येण्याजोगी आहे. महामार्गावर साधन चालू ठेवावे, पण नजर रस्त्यावर आणि पाय ब्रेकच्या जवळ असावा. टोलनाका, वळण अथवा दाट पाऊस दिसताच ते आपण होऊन बंद करावे. चेन्नईकडे परत येताना कत्तिपाराच्या पुलावर चढण्यापूर्वीच बटण दाबून गाडीचा ताबा पूर्णपणे आपल्याकडे घ्यावा. तेथून टी. नगर फार दूर नाही, आणि तेथे रस्त्याच्या कडेला कोणीतरी तळवा वर धरून उभे असणार.